उताराची एकोणीस मिनिटं

“काका, घालणार कोण?” काउंटरमागून रेश्मा मुलाणीने विचारलं.

मी वहीतला सातवा प्रश्न विचारायच्या बेतात होतो. घाम लागून आतला भाग खराब होतो का, असा तो प्रश्न होता. पहिल्या सहांची उत्तरं मी लिहून घेतली होती. वायर नको, कारण कपाटाच्या मुठीत अडकून आधीचे दोन हेडफोन तुटले होते. गळ्यात घालायची पट्टी वाकवली तरी मोडू नये. बटणं न बघता बोटांना कळावीत. घरात रोज वापरायचा आणि रविवारी सायकलवर, म्हणजे धूळ, पाऊस, आपटणं सगळं सोसणारा हवा. पंधरा दिवस मी कॉम्प्युटरवर लोकांचे अभिप्राय वाचत होतो. माझी वही बघून रेश्मा म्हणालीसुद्धा होती, “एवढ्या अभ्यासात माझी बारावी निघाली असती.”

“माझे एक मित्र आहेत,” मी म्हणालो.

“मग त्यांनाच आणा की. कान त्यांचे आणि पसंती तुमची, असं कसं?”

“त्यांना न सांगता द्यायचाय.”

“करतात काय ते?”

“एस.टी.त ड्रायव्हर होते. काचबिंदूने दृष्टी गेली. आता काहीच दिसत नाही.”

“आणि सायकल?”

“दोन सीटची आहे. पुढे मी असतो, मागे ते.”

रेश्माने काउंटरवरचे खोके बाजूला सारले आणि मागच्या फळीवरून एक वेगळा काढला. “मग हा बघा. हा कानात जातच नाही. कानाच्या पुढच्या हाडावर टेकतो. मोबाइलवरचं पण ऐकू येतं आणि रस्त्यावरचं पण.”

मी तो लावला आणि माझ्या मोबाइलवरचं एक रेकॉर्डिंग वीसेक सेकंद ऐकलं. मग आधीचा, रबरी बोंडं कानात बसवायचा, घातला आणि तेच पुन्हा लावलं. बाहेरचा गजबजलेला पोवई नाका बंद झाला. रिक्षा, फळवाल्यांचं ओरडणं, दुकानातला पंखा, सगळं एकदम थांबलं.

“हा द्या,” मी म्हणालो.

“का हो?”

“हा जास्त टिकेल. पट्टी भक्कम आहे.”

“टिकायला दोन्ही टिकतील. पण सायकलवर त्यांना हॉर्न ऐकू यायला नको का?”

“पुढे मी असतो ना. मला दिसतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आणखी काही बोलणार होती, पण दुसरं गिऱ्हाईक आलं. “मर्जी तुमची,” म्हणून तिने बिलाचं पुस्तक ओढलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालो होतो. तिथल्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि ती पाटी मला मानवली होती. लोकांशी बोलताना मला नेमका शब्द वेळेवर सापडत नाही, आणि सापडेपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागतो. समोर छापलेलं असलं तर मात्र मी बरा वाचतो. म्हणून निवृत्तीनंतर एका वाचनालयात, ज्यांना दिसत नाही अशांना सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाऊ लागलो. आनंदा बाबर तिथे भेटला. त्याची बायको शालन त्याला आणून सोडायची आणि भाजी घेऊन परत न्यायला यायची. अपघाताची बातमी आली की तो मला थांबवायचा. “उतारावर न्यूट्रल टाकलं असणार त्यानं. पुढं वाचा.”

जोडसायकल मी पुण्याच्या एका जोडप्याकडून घेतली. ते परदेशी चालले होते. पुढच्या माणसाकडे हँडल, गियर आणि पुढच्या चाकाचा ब्रेक. मागच्या चाकाचा मोठा ब्रेक मात्र मागच्या माणसाच्या हातात होता. दोघांचं वजन घेऊन उतारावर जाताना थांबवायचं काम खरं त्या ब्रेकचं. पहिल्या दिवशी आनंदाने मागच्या सीटवर बसून हँडल चाचपलं, त्याच्या बोटांना तो खटका लागला आणि तो मोठ्याने हसला.

“स्टेअरिंग तुमच्याकडं, ब्रेक माझ्याकडं. बिनघोर चला, सर.”

शालनवहिनी दारात उभ्या होत्या. आनंदा आत हात धुवायला गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. “भावजी, दोन वर्षं हे खाटेवरनं उठत न्हवते. जेवायला बोलावलं तर भिंतीकडं तोंड करायचे. आज हसले. म्हणून मी गप हाय. पण एकदा जरी हे पडले, तर ती सायकल मी दुसऱ्या दिवशी भंगारात घालीन. मग तुम्ही सांगा न्हाईतर देव सांगू दे.”

“नाही पडणार,” मी म्हणालो.

“ते मला बोलून न्हाई, करून दाखवा.”

दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. आधी सपाटीवर, मग धीर आल्यावर यवतेश्वरच्या घाटात. चढताना अर्धं अंतर ढकलत, पण चढायचो. उतरताना मी दोनच शब्द बोलायचो, “ब्रेक” आणि “सोडा”. आनंदा तेवढ्यावर सायकल अशी आणायचा की तीन रविवार मी घड्याळ लावून पाहिलं, वरच्या टपरीपासून खालच्या पहिल्या घरापर्यंत बरोबर एकोणीस मिनिटं. अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही.

पण त्याला तेवढं पुरत नव्हतं. “सर, काय दिसतंय?” तो मागून विचारायचा.

“झाडं.”

“कसली?”

मी शब्द शोधायचो. झाड नेमकं कसलं, पानं पिवळी म्हणावीत की तांबूस, याचा विचार करेपर्यंत वळण यायचं आणि मी “ब्रेक” म्हणायचो. दोन-तीनदा असं झालं की तो विचारायचं थांबायचा. त्याचं ते थांबणं मला घरी आल्यावर झोपू द्यायचं नाही.

म्हणून मी ते लिहून काढलं. दोन वेळा वही घेऊन घाट पायी चाललो. चढाचं एक आणि उताराचं एक अशी दोन वर्णनं केली, चार-चारदा खोडून. कुठल्या मिनिटाला कुठलं वळण येतं ते घड्याळाशी जुळवलं. मग खिडक्या लावून घेऊन माझ्याच आवाजात ती वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केली. उताराची टेप बरोबर एकोणीस मिनिटांची झाली. मला वाटलं, आयुष्यात एक काम चोख झालं.

शनिवारी संध्याकाळी हेडफोन घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आनंदाने पट्टी पिळून पाहिली, बटणं मोजली. “दणकट हाय,” म्हणाला. मग बोंडं कानात घालून त्याने चढाची टेप जरा वेळ ऐकली.

“काय ऐकताय एवढं?” शालनवहिनींनी विचारलं. त्याला ऐकू आलं नाही. त्यांनी खांदा हलवून पुन्हा विचारलं.

“सर बोलत्यात,” तो मोठ्याने म्हणाला. “रेडिओवर बोलल्यागत!”

मला फार बरं वाटलं. आम्ही अंगणात सायकलवर बसून तपासलंही. टेप चालू असताना मी मान न वळवता मोठ्याने “ब्रेक” म्हणालो आणि त्याने लगेच खटका दाबला. वहिनी बघत होत्या.

रविवारी वर पोचायला आम्हाला पावणेदोन तास लागले. चढताना त्याने टेप ऐकली. मी पुढे धापा टाकत होतो, तो मधूनमधून “व्हय, व्हय” म्हणत होता. टपरीवर चहा घेताना त्याने विचारलं, “उतरायलाबी हाय का?”

“आहे. एकोणीस मिनिटांची.”

त्याने ग्लास हातात फिरवला. “उतरताना राहू दे का, सर?”

“तुमची इच्छा,” मी म्हणालो.

मी ते कसं म्हणालो कोण जाणे. तो लगेच म्हणाला, “नगं नगं. एवढं केलंय तुम्ही. लावा.”

मी टेप लावली आणि निघालो. वारा समोरून होता. पहिल्या वळणानंतर आनंदाने गळ्याजवळचं बटण दोनदा दाबलं. आवाज वाढवला असणार. मला ते त्याच्या हँडलवरचा हात हलल्यामुळे कळलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. दुसरं वळण गेलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. टेपच्या शब्दांवर तो ब्रेक हलका धरत होता, सोडत होता, आणि माझे दोन शब्द मला वापरावेही लागत नव्हते. मला वाटलं, माझी टेपच सायकल चालवते आहे.

तिसऱ्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. वीस-पंचवीस होत्या. मी “ब्रेक” म्हणत पुढचा ब्रेक दाबला आणि पाय टेकला. वेग कमीच होता. पाय टेकलेला जाणवताच आनंदानेही मागचा ब्रेक धरला. शेळ्यांमागे एक बाई काठी टेकत निवांत चालली होती.

“जरा लवकर घ्या ना,” मी म्हणालो.

“शेळीला घाई नस्ती, पावणं,” ती म्हणाली.

दीडेक मिनिट गेलं असेल. आनंदा मागे मान थोडी तिरकी करून, हसऱ्या चेहऱ्याने स्वस्थ बसला होता. रस्ता मोकळा झाला. मी पेडल मारलं आणि आम्ही पुन्हा निघालो. टेप थांबवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तेहतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं, की पान उघडं टाकून उठलं तर ते तिथेच थांबतं, पण टेप थांबत नाही.

चौथं वळण आम्ही घेतलं. का कोण जाणे, तेव्हा आनंदाने ब्रेक नको तेवढा धरून ठेवला आणि वळण संपायच्या आधीच सोडला. मला ते विचित्र वाटलं. विचारावं असं वाटलं. पण विचारलं नाही.

पाचवं वळण घाटातलं सगळ्यात वाईट. उतरताना डाव्या हाताला डोंगर असतो, उजव्या हाताला दरी, आणि रस्ता एकदम उजवीकडे मागे वळतो. समोर फक्त कठड्याचे दगड आणि त्यांच्या वर आकाश दिसतं. त्याच्या आधीचा उतार उभा आहे.

त्या उतारावर सायकल पळायला लागली.

“ब्रेक,” मी म्हणालो.

काही झालं नाही.

“ब्रेक!”

मी पुढचा ब्रेक दाबला. पुढच्या ब्रेकने दोन माणसं थांबत नाहीत. खटका हँडलला टेकला, रबराचा जळका वास आला, तरी डोंगराचे दगड शेजारून भराभर मागे जात होते. खालून, वळणाच्या पलीकडून, चढत येणाऱ्या जीपचा हॉर्न ऐकू आला.

“आनंदा! ब्रेक! आनंदा!”

मला मागे वळता येत नव्हतं. पण त्या क्षणी त्याच्या कानात काय चाललंय ते मला अक्षरशः ठाऊक होतं, कारण तो मजकूर मीच चारदा खोडून लिहिला होता आणि मला तो पाठ होता. ‘पाचवं वळण मागे पडलं. आता दरी डाव्या हाताला आली आहे. पुढे सरळ, सोपा उतार आहे. इथे हात सैल सोडायला हरकत नाही.’ माझा आवाज, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीतला, शांत. मी पुढे घसा फाटेपर्यंत ओरडत होतो आणि तो माझंच ऐकत होता.

मी जे केलं ते विचार करून केलं असं मला म्हणता येणार नाही. असल्या सायकलीची दोन्ही पेडलं एका साखळीने जोडलेली असतात. माझी फिरली की त्याची फिरतातच. उतारावर आम्ही दोघं पाय स्थिर ठेवायचो. मी पेडलं जोर लावून उलटी मारली, अर्धा फेरा मागे, पुन्हा मागे. आनंदाचे पाय खसकन मागे ओढले गेले. पाठीमागून “हां!” असा आवाज आला आणि लगेच मागचं चाक आवळलं गेलं. सायकलची शेपूट उजवीकडे फेकली गेली. मी हँडल डावीकडे, डोंगराच्या बाजूला घातलं. पुढचं चाक पाण्याच्या चरात उतरलं आणि आम्ही दोघं सायकलसकट आडवे झालो.

जीप वळणातून वर आली. ड्रायव्हरने वेग कमी करून खिडकीतून डोकं काढलं. “ओ आजोबा! जीव वर आलाय का? घरी बसा की!” आणि तो निघून गेला.

आनंदा चरात बसला होता. उजव्या कोपराचं सालटं निघालं होतं, गुडघ्यावर पँट फाटली होती. तो दोन्ही हातांनी आजूबाजूची माती चाचपत होता. “सर? सर, कुठं हाय?”

“इथे. मी इथे आहे.”

“लागलं का?”

“नाही. तुम्हाला?”

“ते बंद करा आधी.”

हेडफोन त्याच्या गळ्यातून उडून गवतात पडला होता आणि त्यातून माझा आवाज अगदी बारीक येत होता. मी तो उचलून बंद केला. त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. तो अजून चालतो. टिकाऊपणाच्या बाबतीत माझी निवड अचूक होती.

“कितवं वळण हे?” आनंदाने विचारलं.

“पाचवं.”

“पाचवं तर झालं की. तुम्हीच म्हणाला.”

“टेप पुढे गेली. शेळ्यांपाशी आपण थांबलो, ती थांबली नाही.”

“शेळ्या? कवा आल्या शेळ्या?”

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पंचवीस शेळ्या त्याच्या गुडघ्याला घासून गेल्या होत्या.

“मी म्हटलं, पायाला काय लागतंय, गवत असंल,” तो म्हणाला. “टेपमधी तवा तुम्ही सातारा दाखवत होता. अजिंक्यतारा, तळी, सगळं. मला वाटलं, ते बघायलाच थांबलोय.” मग म्हणाला, “सतरा वर्षं ह्या घाटात गाडी घातलीय, सर. वळण आलं की डोंगराकडनं आवाज परत येतो, तो बदलतो. मला सांगायला लागत न्हाई. पण आज कान तुमच्याकडं दिले होते.”

“घाट तुम्हाला पाठ होता, तर मग टेप कशाला ऐकलीत?”

“मी विचारायचो, ते घाट कसाय म्हणून न्हवं. आज काय हाय म्हणून. कोण बसलंय, कोण चाललंय, काय वाळत घातलंय. तुम्ही गप बसायचा. मग टेप आणली. म्हटलं, गप बसण्यापेक्षा हे बरं.”

त्याने कोपर झटकलं, उठून सायकल चाचपली, चाक फिरवून पाहिलं. “हँडल वाकडं झालंय. ढकलत नेऊ. आणि हे बघा, घरी सांगायचं, शेळी आडवी आली. शालनला शेळी पटंल.”

मी गप्पच होतो.

“सर, शेळी आडवी आलीच होती की. खोटं कुठं हाय? टेपचं सांगितलं तर संपलं. सायकल जाईल. मग मी परत भिंतीकडं तोंड करून पडू का?” त्याने माझा हात शोधून धरला. “तेवढं एक करा. तुम्हाला गप बसायला जमतंय की.”

उरलेला घाट आम्ही चालत उतरलो. दीड तास. त्याने वाटेत एकदाही विचारलं नाही, काय दिसतंय.

शालनवहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी कोपर पाहिलं, मग गुडघा, मग हँडल. सूप खाली ठेवलं.

“शेळी आडवी आली,” आनंदा म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. “भावजी, तुम्ही सांगा.”

मला फक्त मान हलवायची होती. एवढंच. मी आनंदाकडे पाहिलं. त्याने चेहरा माझ्या दिशेला वळवला होता आणि ओठ मिटून घेतले होते.

“शेळ्या आल्या होत्या,” मी म्हणालो. “पण पडलो ते माझ्यामुळे.”

आणि मी सांगितलं. टेप, पाचवं वळण, माझं ओरडणं. शब्द मागेपुढे होत होते, दोनदा तेच वाक्य आलं. संपलं असं वाटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की अजून एक गोष्ट उरली आहे आणि ती सांगितली नाही तर बाकी सांगितलेलं सगळं फुकट आहे.

“दुकानात दुसरा हेडफोन होता,” मी म्हणालो. “कान उघडे ठेवणारा. दुकानदारीणबाई तोच घ्या म्हणत होत्या. मी दोन्हींवर माझीच टेप ऐकून पाहिली. त्या उघड्यातून माझा आवाज आहे तसा आला. बारीक, रिक्षांच्या मधे हरवलेला. ह्याच्यातून चांगला आला. भारदस्त. मी हा जास्त टिकेल असं सांगितलं. पण घेतला तो त्यासाठी.”

“म्हंजे तुमचा आवाज तुम्हाला बरा वाटावा,” वहिनी सावकाश म्हणाल्या, “म्हणून ह्यांचे कान बंद केले?”

“हो.”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“सर,” आनंदा हळूच म्हणाला, “शेळीचं बरं चाललं होतं की.”

“तुम्ही आत जावा,” वहिनी त्याला म्हणाल्या. मग मला, “भावजी, तुम्हीबी घरी जावा.”

त्या आठवड्यात मी वाचनालयात गेलो नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची गाडी उभी असते. मी रोज संध्याकाळी लांबच्या रस्त्याने जाऊन त्या गाडीवर काय काय आहे ते बघून यायचो. पत्रे, बादल्या, एक कूलर. पाचव्या दिवशी सायकलचं एक चाक दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर लहान मुलांच्या सायकलचं होतं.

नवव्या दिवशी फोन आला. “कॉलनीच्या मैदानात या,” वहिनी म्हणाल्या. “सकाळी सहाला.” आणि त्यांनी ठेवला.

मी गेलो तेव्हा जोडसायकल मैदानाच्या कडेला उभी होती. हँडल सरळ केलेलं होतं. आनंदा कंपाउंडच्या भिंतीला टेकून होता. वहिनींनी पदर कमरेला खोचला होता आणि त्या सायकलच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या.

“मी सातवीपर्यंत सायकलनं शाळेला गेलीय,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या जागी मी बसणार. डोळे मिटून. ब्रेक माझ्या हातात. दोन फेऱ्या मारा. मला एकदाबी डोळे उघडावंसं वाटायला नको.”

“वहिनी, मी...”

“आणि कागद आणला असंल तर खिशातच राहू द्या.”

कागद खरंच होता. रात्री बसून मी मैदानाचं वर्णन लिहिलं होतं. मैदानात बोलावलं की मी तेही लिहून आणणार, हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. मी हँडल धरलं. त्या बसल्या. भिंतीशी आनंदाने कान आमच्या दिशेला केला.

“मिटले,” त्या म्हणाल्या. “चला.”

“समोर... समोर काही नाही,” मी म्हणालो. “मैदान. माती आहे. आता डावीकडे विटांचा ढीग. आपण त्याच्यापासून दूर आहोत. चार हात. एक माणूस पळतोय. जाडा आहे. त्याचा एक बूट सुटलाय.”

“बांधायला थांबंना का?”

“थांबत नाहीये. आता उजवीकडे वळतोय आपण, हळू. ब्रेक थोडा. सोडा. कुत्रं आहे पुढे. झोपलंय. नाही, उठलं. बघतंय आपल्याकडे.”

“चावंल का?”

“माहीत नाही.”

“हे बरं. माहीत न्हाई तर न्हाई म्हणा.”

कुत्रं बाजूला झालं, ते मी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई चादर झटकत होती, ते सांगितलं. पहिली फेरी झाली. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता, भराभर. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टाकीपाशी आलो. टाकी गळत होती आणि खालच्या शेवाळावर ऊन पडलं होतं. त्या हिरव्याला काय म्हणावं ते मी शोधायला लागलो. पोपटी नव्हे. मग माझ्या लक्षात आलं आणि मी घाईने म्हणालो, “इथे ओलं आहे. घसरेल. ब्रेक नको. जाऊ द्या. गेलं.”

आम्ही भिंतीपाशी येऊन थांबलो. वहिनी उतरल्या. त्यांनी हात पदराला पुसले.

“किती वेळा उघडले?” आनंदाने विचारलं.

“एकदा.”

“कुठे?” मी विचारलं.

“टाकीपाशी. तुम्ही गप झाला तवा.”

मी खाली बघितलं. सायकलवरून उतरायला पाय काढला.

“उतरू नका,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याचा हात धरून त्यांनी तो मागच्या सीटवर ठेवला. “अहो, बसा. मी हितंच उभी ऱ्हाते. मैदानाच्या त्या टोकाला गेला तरी तुमचं दोघांचं बोलणं मला हितपर्यंत ऐकू आलं पायजे.”